टळलेला प्रलय टळलेलाच राहू द्या

'टर्मिनेटर'चा सातवा चित्रपट निघावा का, यावर चाहत्यांमध्ये वाद झडतो तेव्हा सगळा काथ्याकूट 'चांगला निघेल का' याचाच असतो. दिग्दर्शक कोण असावा, श्वार्झनेगर हवेत की नकोत, टी-१००० परत आणावा का, वगैरे. माझा आक्षेप त्याच्याही आधीचा आहे. चांगला निघणार असला तरी तो नको. ही गोष्ट १९९१ मध्ये संपली आणि अशी संपली की पुढे पाऊल टाकायचं तर आधी तो शेवट मोडावाच लागतो. त्यानंतरच्या चारही चित्रपटांनी तो या ना त्या रीतीने मोडला. पुढच्यालाही दुसरा रस्ता नाही, करणाऱ्याच्या अंगी कितीही गुण असोत.

तो शेवट नीट आठवून पाहू. १९८४च्या पहिल्या चित्रपटात २०२९ सालातून एक यंत्र माणसाचं कातडं पांघरून लॉस एंजेलिसमध्ये येतं. वेट्रेसचं काम करणाऱ्या सारा कॉनरला मारायचं, म्हणजे पुढे यंत्रांविरुद्ध माणसांचं नेतृत्व करणारा तिचा मुलगा जन्मालाच येणार नाही, हे त्याचं काम. अखेरीस मांस जळून गेलेला, कमरेपासून तुटलेला तो धातूचा सांगाडा कारखान्यातल्या प्रेसखाली सरपटत तिच्या गळ्यापर्यंत हात नेतो आणि सारा चाचपडत बटण दाबते. दुसऱ्या भागात हुबेहूब तसंच यंत्र तिच्या मुलाला, जॉनला, वाचवायला येतं. अणुयुद्ध घडवणाऱ्या 'स्कायनेट'चं बीज, म्हणजे पहिल्या यंत्राची उरलेली चिप आणि हात, वितळलेल्या पोलादात फेकले जातात. मग एकच चिप शिल्लक राहते, या रक्षकाच्या डोक्यातली. त्याला स्वतःचा नाश करण्याची मुभा नाही, म्हणून साखळीला धरून उभा राहत तो बटण साराच्या हाती देतो. जॉन रडतो, जाऊ नकोस म्हणून विनवतो. सारा बटण दाबते.

दोन्ही वेळा बटण त्याच बाईच्या बोटाखाली आहे, दोन्ही वेळा त्याने तसंच यंत्र संपतं, आणि तरी दोन कृतींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यांदा जिवाच्या आकांतानं, दुसऱ्यांदा जड हातानं. माणसाचं भविष्य आधीच लिहून ठेवलेलं नाही, हे या दोन चित्रपटांचं म्हणणं भाषणातून नाही, या बटणातून सिद्ध होतं.

यावर जाणकार चाहता लगेच म्हणतो की शेवट इतका बंद कुठे आहे? पडद्यावर शेवटी रात्रीचा रस्ता धावत असतो, पुढे काय ते साराला ठाऊक नसतं. मग ते सांगायला नको? मुद्दा चांगला आहे. दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांनी वेगळा शेवट चित्रित केलाही होता: २०२९ साल, बाग, मुलं खेळताहेत, म्हातारी सारा बाकावर बसून बघते आहे, जॉन सिनेटर झाला आहे. तो काढून टाकून त्यांनी हा रस्ता ठेवला आणि फार योग्य केलं. पण रस्ता ठेवला तो आपल्याला अनिश्चिततेत सोडण्यासाठी. ज्यांचं भविष्य कालपर्यंत तारखेनिशी ठरलेलं होतं त्यांना आज ते ठाऊक नाही, हेच त्यांना मिळालेलं बक्षीस आहे. तिथे पाटी लावून पुढचं गाव सांगणं म्हणजे ते बक्षीस काढून घेणं.

आणि नंतरच्यांनी ते काढूनच घेतलं. २००३च्या तिसऱ्या भागाने जाहीर केलं की 'जजमेंट डे', म्हणजे त्या अणुयुद्धाचा दिवस, टळला नव्हता, लांबणीवर पडला होता. सारा तर मधल्या काळात रक्ताच्या कर्करोगाने वारलीही. या चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे: त्याच्या शेवटी बॉम्ब खरोखर पडतात, कुणी वाचवायला येत नाही. पुढच्या सगळ्यांत धाडस म्हणण्याजोगं तेवढं एकच. पण त्या धाडसाचं बिल दुसऱ्या चित्रपटाच्या नावावर फाडलेलं आहे. २००९च्या 'सॅल्व्हेशन'ने ज्या युद्धाच्या आपल्याला फक्त निळ्या काळोखातल्या झलका दिसल्या होत्या ते भर दिवसाउजेडी आणलं, आणि त्याची दहशतच गेली. २०१५च्या 'जेनिसिस'मध्ये पुन्हा १९८४, पुन्हा तेच प्रसंग, आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा चालला तो जॉन कॉनरच यंत्र. २०१९चा 'डार्क फेट' तर सुरुवातीच्या काही मिनिटांतच पोरसवदा जॉनला गोळ्या घालतो. त्यात स्कायनेट खरंच नष्ट झालेलं आहे, फक्त त्याच्या जागी 'लीजन' नावाचं दुसरं काही उभं राहिलं आहे. खलनायकाची पाटी बदलली की प्रलय पुन्हा हजर होणार असेल तर साराने दाबलेल्या बटणाला अर्थ काय उरला? शिळ्या कढीला ऊत आणणं आपण चालवून घेतो. इथे कढी तापवायला घरचे वासे जाळले आहेत.

'प्रेक्षकांना हवं असतं म्हणून निघतात' हे उत्तर तर मला सर्वांत पोकळ वाटतं. 'सॅल्व्हेशन', 'जेनिसिस' आणि 'डार्क फेट' हे तिन्ही चित्रपट नव्या त्रयीचा पहिला भाग म्हणून योजले गेले. त्यांतल्या एकाही त्रयीचा दुसरा भाग आला नाही. 'डार्क फेट'वर सुमारे साडेअठरा कोटी डॉलर खर्च झाले आणि जगभरातून गल्ला जमला सव्वीस कोटींच्या आसपास. त्यातला मोठा वाटा चित्रपटगृहांकडे जातो आणि जाहिरातीचा खर्च वेगळाच, म्हणजे हा आतबट्ट्याचा व्यवहार. प्रेक्षकांनी आणखी किती स्पष्ट सांगायचं?

खरं कारण हक्कांच्या कागदपत्रांत आहे. पहिला चित्रपट आपल्यालाच दिग्दर्शित करायला मिळावा म्हणून कॅमेरून यांनी त्याचे हक्क निर्मात्या गेल अ‍ॅन हर्ड यांना एका डॉलरला विकले. दुसरा चित्रपट काढणारी कॅरोल्को कंपनी १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्याच जुन्या प्रमुखांनी, मारियो कसार आणि अँड्र्यू वाय्ना यांनी, हक्क पुन्हा मिळवून तिसरा भाग काढला. २००७ मध्ये ते हॅल्सियन नावाच्या कंपनीने घेतले, तिने 'सॅल्व्हेशन' काढला आणि तीही दिवाळखोरीत गेली. २०१० मध्ये लिलाव झाला तेव्हा बोली जिंकली एका हेज फंडाने, जवळजवळ तीन कोटी डॉलरला. ज्याने तीन कोटी मोजले तो सारा कॉनरला स्वस्थ झोपू देणार नाही, यात नवल नाही. त्यात गुंतवणूकदाराचा दोषही नाही, तो त्याचा धंदाच आहे. पण या धंद्याला 'चाहत्यांच्या प्रेमाखातर' असं गोंडस नाव देऊ नये, इतकंच.

'नको असेल तर बघू नका, तुमचा जुना चित्रपट कुणी कपाटातून नेला का?' असंही विचारलं जातं. कुणी नेला नाही, हे मान्य. मी नवे भाग नाकारून जुने दोनच मानू शकतो, अनेकजण मानतातही. गंमत म्हणजे खुद्द निर्मातेही तेच करतात. 'जेनिसिस'च्या प्रसिद्धीच्या वेळी कॅमेरून यांनी आपल्या मनात हाच तिसरा भाग आहे असं त्याचं कौतुक केलं होतं. चार वर्षांनी स्वतः निर्माते असलेल्या 'डार्क फेट'च्या वेळी तो आणि त्याआधीचे दोन्ही जमेस धरायचे नाहीत असं ठरलं. मालकच प्रत्येक वेळी आधीचा भाग पुसून टाकत असेल, तर 'मालिका पुढे चालू ठेवणं' या शब्दांना काही आधार राहत नाही. हे पुढे जाणं नाही, १९९१च्या दारात पुन्हा पुन्हा येऊन कडी वाजवणं आहे.

दुसरा भागसुद्धा सीक्वेलच होता, हा युक्तिवाद मात्र हसण्यावारी नेता येत नाही. होता, आणि पहिल्याहून सरस होता असं माझंही मत आहे. पण त्याने पहिल्याचं काय मोडलं? पहिल्याच्या शेवटी पोटुशी सारा वादळाच्या दिशेने गाडी हाकत जाते. वादळ येणार आहे हे तिला आणि आपल्याला माहीत असतं. दुसरा भाग त्या वादळापासून सुरू होतो आणि नवा प्रश्न विचारतो: मारण्यासाठी बनवलेल्या यंत्राला माणसाच्या जिवाची किंमत शिकवता येईल का? आधीच्या शेवटाला हात न लावता त्याला नवा प्रश्न सापडला होता. नंतरच्या चारांकडे प्रश्नच नव्हता, फक्त शेवट उलटवण्याची तजवीज होती.

आपल्याकडचा वाचक इथे महाभारत पुढे करील. एका कथेच्या शेकडो आवृत्त्या आपण पचवल्या, मग सहा-सात चित्रपटांनी काय बिघडतं? बिघडत नाही, पण उदाहरण चुकलं. इरावती कर्वे यांचं 'युगान्त' किंवा शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' ही दोन्ही पुस्तकं तीच माणसं नव्या नजरेने पाहतात. कर्ण पडायचा तिथेच पडतो. कुरुक्षेत्रावर तो मेलाच नव्हता असं सांगून कुणी दुसरा खंड काढला नाही. शिवाय महाभारताचे हक्क लिलावात निघत नाहीत. कुणाचीच आवृत्ती 'अधिकृत पुढचा भाग' म्हणून बाकीच्यांच्या डोक्यावर बसत नाही.

हल्लीचा सगळ्यात जोरकस दावा कृत्रिम बुद्धिमत्तेचा. आता यंत्रं बोलू-लिहू लागली, म्हणजे 'टर्मिनेटर'ची खरी वेळ आत्ता आली, असं म्हणतात. मला नेमकं उलटं वाटतं. स्कायनेट हे शीतयुद्धाचं अपत्य आहे. लष्कराचा संगणक, क्षेपणास्त्रांची कळ, रशियावर मारा करून प्रतिहल्ला ओढवून घेणं, ही सगळी १९८३च्या आसपासची भीती. त्याच वर्षी संगणकाच्या खेळातून अणुयुद्धाच्या कडेवर नेणारा 'वॉरगेम्स' आला आणि अणुहल्ल्यानंतरचं अमेरिकन गाव दाखवणारा 'द डे आफ्टर' तिथल्या टीव्हीवर लागला. दुसऱ्या भागापर्यंतच ती भीती शिळी होऊ लागली होती: रशियावर हल्ला कशाला, ते आता आपले मित्र आहेत ना, असं जॉनच विचारतो. आजची काळजी वेगळी आहे. चेहरा ओळखणारे कॅमेरे, कर्जाचा किंवा नोकरीचा अर्ज न वाचता नाकारणारी प्रणाली, ओळखीच्या आवाजात फसवणारा फोन. यातल्या कशालाही लाल डोळे नाहीत, आणि ते दारावर येऊन नाव विचारत नाही. लाल डोळ्यांच्या सांगाड्याकडे बोट दाखवत राहिलं तर माणूस नेमका चुकीच्या दिशेला पाहत राहील.

आणि यंत्राने माणसाची नक्कल करण्याबद्दल या मालिकेने बोलावं हे तर आता शोभतही नाही. दुसऱ्या भागात टी-१००० कुणाचंही रूप घेतो. इस्पितळातल्या कॉफीच्या यंत्रापाशी पहारेकऱ्यासमोर त्याचंच रूप उभं राहतं, तिथे कॅमेरून यांनी खरे जुळे भाऊ उभे केले. पोलादाच्या कारखान्यात तो सारा बनून येतो, तिथे लिंडा हॅमिल्टन यांची जुळी बहीण लेस्ली होती. पाऱ्यासारख्या वाहत्या धातूची संगणकी दृश्यं ज्या चित्रपटाने जगाला दाखवली, त्याने माणसाच्या जागी शक्य तिथे माणूसच वापरला. 'डार्क फेट'ने मेलेलं बालपण परत आणायला दुसऱ्यांच्या शरीरांवर संगणकाने बनवलेले जॉनचे आणि साराचे तरुण चेहरे चिकटवले. टी-१०००ने याहून वेगळं काय केलं असतं?

मालिका लांबवूच नये असा माझा दंडक नाही. 'ब्लेड रनर २०४९' पस्तीस वर्षांनी आला आणि नायक डेकार्ड माणूस आहे की नाही हा जुन्या चित्रपटाचा प्रश्न त्याने उत्तर न देता तसाच सांभाळला. 'गॉडझिला' १९५४ पासून चालू आहे आणि २०२३चा 'गॉडझिला मायनस वन' त्यातल्या उत्तमांपैकी एक, कारण तो राक्षस दर पिढीच्या नव्या जखमेतून उठू शकतो. अशा गोष्टींना शेपटी असते. 'टर्मिनेटर'ची गोष्ट गाठ मारून संपवलेली आहे.

गाठ सुटू द्यायची नसेल तर काय करावं याचा नमुना हॉलिवूडमध्येच आहे. 'बॅक टू द फ्यूचर'चा चौथा भाग आजवर निघालेला नाही, कारण दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस आणि लेखक बॉब गेल यांच्या संमतीशिवाय तो निघूच शकत नाही अशी करारात सोय आहे, आणि दोघंही नाही म्हणत आले आहेत. १९९० मध्ये मालिका थांबली. तिच्यावरून निघालेलं संगीत नाटक लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये रंगलं, पण पडद्यावर नायक मार्टी जिथे सोडला तिथेच आहे. कॅमेरून यांच्याकडे अशी ढाल नव्हती, ती एका डॉलरला गेली होती. पण अमेरिकन कॉपीराइट कायद्यानुसार पस्तीस वर्षांनी मूळ लेखकांना आपण दिलेले हक्क परत मागता येतात. २०१९ मध्ये पहिल्या 'टर्मिनेटर'ला पस्तीस वर्षं झाली आणि निदान अमेरिकेपुरती ती वाट मोकळी झाली. आता 'नाही' म्हणणं इतरांइतकंच त्यांच्याही हातात आहे. त्यांची मात्र नवा 'टर्मिनेटर' लिहिण्याबद्दल जाहीर वक्तव्यं चालू असतात. चित्रपटातलं २०२९ साल जवळ येतं आहे, त्याचा मुहूर्त साधायचा मोह कुणालाही होईल.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल त्यांना सांगायचं असेल तर जरूर सांगावं, माझ्यासारखे हजारो तिकीट काढतील. पण पहिला 'टर्मिनेटर' त्यांना रोममध्ये तापाने फणफणलेले असताना पडलेल्या स्वप्नातून सुचला. तो चौसष्ट लाख डॉलरमध्ये झाला आणि कुणीही तो मागितलेला नव्हता. आज त्यांच्या नावावर कुठलाही स्टुडिओ कोऱ्या कागदाला पैसे देईल. त्या कागदावर सारा कॉनरचं नाव कशाला हवं?