मंगळाची वाट आणि वालधुनीचा काठ

मंगळावर जाण्याचे माणसाचे स्वप्न जुने आहे. १८७७ साली शियापारेल्ली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला त्या ग्रहावर रेषा दिसल्या. ते कालवे असावेत, अशी समजूत पसरली आणि तेथे कोणी पाणी खेळवीत असेल, या कल्पनेने जग भारावून गेले. कालवे खोटे ठरले, स्वप्न उरले. २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचे मंगळयान त्या ग्रहाच्या कक्षेत पोहोचले. सुमारे ४५० कोटी रुपयांत, पहिल्याच प्रयत्नात, एका सार्वजनिक संस्थेने मिळविलेले हे यश होते. गरीब देशाला ही चैन कशाला, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. तो मान्य करण्याजोगा नाही. जिज्ञासा ही धनिकांची मिरास नव्हे.

परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर टँकरमधून वालधुनी नदीत रसायने ओतली गेली आणि विषारी वायूमुळे उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. याच नदीच्या काठी, अंबरनाथला, शके ९८२ मधील शिलाहारकालीन शिवमंदिर उभे आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांचे आणि उल्हासनगरच्या जीन्स-धुलाईचे सांडपाणी या परिसरातील नद्यांनी वर्षानुवर्षे पोटात घेतले. मंगळावरील जेझेरो विवरात पुरातन नदीच्या खुणा शोधण्यासाठी २०२१ साली यान उतरविणारा मानव आपल्या दारातील वाहती नदी मात्र मारतो.

आता मंगळावर वसाहतीची भाषा अब्जाधीश करीत आहेत. १९६७ च्या अंतराळ कराराने कोणत्याही राष्ट्राला परग्रहावर स्वामित्व सांगण्यास मनाई केली. २०१५ साली अमेरिकेने कायदा करून तेथून काढलेल्या खनिजांवर आपल्या खाजगी कंपन्यांची मालकी मान्य केली. पृथ्वीवरील लुटीचा न्याय आकाशातही लागू करण्याचाच हा प्रकार आहे.

वसाहत म्हणजे काय, हे उल्हासनगरला कोणी शिकवावयास नको. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या सिंधी निर्वासितांनी हे शहर उभे केले. निवारा, पाणी, रोजगार आणि परस्परांचा आधार यांवाचून वसाहत तगत नाही. मंगळावर तर श्वासापुरती हवाही नाही. तेथे पाण्याचा थेंब न् थेंब पुन्हा वापरावा लागेल. अंतराळस्थानकात सुमारे ९८ टक्के पाणी परत मिळविता येते, हे २०२३ साली सिद्ध झाले आहे. मग कारखान्याच्या सांडपाण्याबाबत तंत्रज्ञानाच्या अभावाची सबब कशी चालेल? अभाव आहे तो नफ्याला वेसण घालणाऱ्या इच्छाशक्तीचा.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक कारखान्याच्या सांडपाण्याची मोजमापे जनतेसमोर रोजच्या रोज यावीत, रसायनांच्या टँकरचा मार्ग नोंदला जावा आणि शुद्धीकरणाचा खर्च मालकांकडून वसूल व्हावा, कामगारांच्या रोजीवर त्याचा बोजा पडू नये. मंगळाचे स्वप्न जरूर पाहावे. ते पाहण्याचा अधिकार वालधुनीकाठच्या मुलांनाही आहे. त्यासाठी त्यांना आधी निर्धोक श्वास घेता आला पाहिजे.