एम.टेक.चा भाव आणि केळीचा भाव

अभियांत्रिकीची पदवी पदरात पडल्यानंतर पुढे कोणत्या शाखेत एम.टेक. करावे म्हणजे नोकरीची शाश्वती अधिक, हा प्रश्न आज चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांतील अनेक घरांत विचारला जात आहे. गावातील जाणता माणूस म्हणून पालक आपल्या कार्यकर्त्यांकडेही येतात. अशा वेळी ‘ज्याला मागणी आहे ते घ्या’ एवढे सांगून मोकळे होणे सोपे असते. परंतु हे उत्तर अर्थशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही, आणि खानदेशातील शेतकऱ्याला तर ते मुळीच पटू नये.

त्याचे कारण त्याच्या स्वतःच्या बागेतच आहे. बऱ्हाणपूरचा भाव चढला की त्या वर्षी मृगबाग वाढते. सर्वांनीच लागवड वाढवलेली असल्यामुळे घड कापणीला येतात तेव्हा भाव कोसळतो. मग लोक केळीला पाठ दाखवतात आणि भाव पुन्हा चढतो. आजच्या किमतीवर उद्याचे उत्पादन ठरवल्याने होणाऱ्या या हेलकाव्यांना निकोलस काल्डॉर यांनी १९३४ साली कोळिष्टकाची उपमा दिली. अभियंत्यांच्या बाजारातही हेच कोळिष्टक विणले जाते, असे रिचर्ड फ्रीमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७६ साली दाखवून दिले. केळीला वर्षभर लागते. अभियंता घडण्यास पदवीची चार व पदव्युत्तर दोन वर्षे लागतात. कापणीची वेळ जितकी लांब, तितका भावाचा अंदाज अधिक फसवा.

एम.टेक.चा अलीकडचा इतिहास याचीच साक्ष देतो. महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि पदवीधरांची संख्या वाढत गेली. २०१० साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक ठरवली. त्यापूर्वी प्रथम वर्गातील बी.ई.वर अधिव्याख्याता होता येत असे. साहजिकच एम.टेक.ला गिऱ्हाईक मिळाले आणि ज्या महाविद्यालयांना पदवीचे वर्ग धड चालवता येत नव्हते त्यांनीही एम.टेक.चे वर्ग उघडले. पुढे २०१८-१९ मध्ये त्याच परिषदेने पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण वीस विद्यार्थ्यांमागे एक असे केले. एका फटक्यात शिक्षकांची गरज चतुर्थांशाने घटली. नियमाने निर्माण केलेली मागणी नियमानेच काढून घेतली. मधल्या काळात कर्ज काढून शिकलेल्या तरुणाचा त्यात काय दोष? आज कृत्रिम बुद्धिमत्ता आणि विदाविज्ञान यांचा भाव चढलेला आहे. २०२४-२५ पासून परिषदेने चांगल्या मानलेल्या संस्थांसाठी प्रवेशसंख्येची कमाल मर्यादाही उठवली. लागवड वाढते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पोटापाण्याचा विचार करणे हा स्वार्थ नव्हे. मात्र तो विचार करायचा तर हिशेब पुरा मांडला पाहिजे. समजा, पदवीनंतर दरमहा २५,००० रुपयांची नोकरी मिळत आहे. ती सोडून एम.टेक. केल्यास दोन वर्षांत सहा लाख रुपयांवर पाणी सोडावे लागते. शुल्क वर्षाला एक लाख धरले तर एकूण खर्च आठ लाख. एम.टेक.मुळे पगार दरमहा १०,००० रुपयांनी वाढला, तरी व्याज न धरता हे पैसे वसूल होण्यास ऐंशी महिने, म्हणजे सहा वर्षे आठ महिने लागतात. आता ‘गेट’ परीक्षेत पात्र ठरून मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ प्रवेश घेतला तर मिळणारी दरमहा १२,४०० रुपयांची छात्रवृत्ती विचारात घ्या. चोवीस महिन्यांत ही रक्कम २,९७,६०० रुपये होते आणि वसुलीचा काळ पन्नास महिन्यांवर येतो. म्हणजे कोणती शाखा या प्रश्नाआधी छात्रवृत्ती आहे की नाही, हा प्रश्न येतो. छात्रवृत्तीविना, केवळ घरच्या पैशावर एखाद्या सुमार संस्थेत घेतलेले एम.टेक. ही बहुधा बेकारी दोन वर्षे लांबवण्याची महागडी रीत ठरते. आणि ‘आता पदवी पुरे’ असे मुलीला बजावणाऱ्या घरात ही छात्रवृत्तीच तिची बाजू मांडते.

गेटचे दुसरेही महत्त्व आहे. एनटीपीसी, ओएनजीसी यांसारख्या सार्वजनिक उद्योगांनी याच गुणांवर बी.ई. झालेल्यांची थेट भरती केलेली आहे; राज्याच्या अभियांत्रिकी सेवेलाही एम.टेक.ची अट नाही. तेव्हा नोकरी हेच उद्दिष्ट असेल तर आधी या दारांवर थाप मारावी. एखाद्या विषयात खोल उतरायचे असेल, संशोधन किंवा अध्यापन करायचे असेल, तर एम.टेक. अवश्य करावे. तेव्हा अभ्यासक्रमाच्या झगमगीत नावापेक्षा तेथे कायम शिक्षक किती, प्रयोगशाळा चालू आहे की कुलपात, प्रबंध कोणाच्या हाताखाली करावयाचा, याची चौकशी करावी. स्थापत्य, विद्युत, यंत्र या पायाभूत शाखांत पाया पक्का झालेल्यास नवी विद्या पुढे शिकता येते. फॅशनच्या नावाची पदवी घेतलेल्यास मागे फिरणे कठीण जाते.

परदेशी जाण्याच्या स्वप्नालाही हीच मोजपट्टी लावावी. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले. एका सहीसरशी हजारो कुटुंबांची कर्जफेडीची गणिते विसकटली. याउलट जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिकवणी शुल्क नाही. राहण्याखाण्याची तजवीज मात्र आधी दाखवावी लागते. शिक्षण हा विक्रीचा माल मानायचा की समाजाची गुंतवणूक, हा केवळ तत्त्वचर्चेचा विषय नाही. त्यावरच शेतकऱ्याच्या घरावर बोजा चढेल की नाही हे ठरते.

गरज आणि मागणी यांतील फरकही येथे लक्षात घेतला पाहिजे. ज्याच्यामागे पैसा उभा आहे तीच गरज बाजार मागणी म्हणून ओळखतो. सातपुड्याच्या पायथ्याशी भूजल खोल गेले आहे. चोपडा-अमळनेरच्या शेतीसाठी आखलेला पाडळसरे येथील निम्न तापी प्रकल्प दशकानुदशके रेंगाळला. पांझरेच्या काठची शेकडो वर्षांची फड पद्धत अभ्यासकांची वाट पाहत आहे. साक्रीला सौर प्रकल्प आहे, दीपनगरला औष्णिक केंद्र आहे. जलसंपत्ती, भूजल, वीज यांतील तज्ज्ञांची येथे गरज आहे. परंतु सरकारने पदे भरली नाहीत तर त्या गरजेचे मागणीत रूपांतर होत नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुण्यातून पदवी घेतल्यानंतर सुरुवातीच्या काळात, १८८४ च्या सुमारास, खानदेशात पांझरेवर दातर्ती येथे प्रवाहातून पाण्याचा नळ नेण्याचे काम केले. त्यांच्या बुद्धीला पहिले क्षेत्र मिळाले ते सार्वजनिक खात्यात. आजच्या तरुणाला ते क्षेत्रच उपलब्ध नसेल, तर त्याने भावफलकाकडे पाहिल्याबद्दल त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून कार्यकर्त्यांचे काम सल्ला देण्यापाशी संपत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आयआयटी परिषदेने एम.टेक.चे शुल्क बी.टेक.इतके वाढवण्याचा व छात्रवृत्ती बंद करण्याचा निर्णय घेतला होता. विद्यार्थ्यांनी विरोध केला, तेव्हा सरकारला पाऊल आवरावे लागले. २०१४-१५ मध्ये ८,००० वरून १२,४०० झालेली छात्रवृत्ती त्यानंतरच्या दशकभरात महागाई वाढूनही तेथेच राहिली. ती वाढवून महागाईशी जोडावी, शासकीय महाविद्यालयांतील आणि पाटबंधारे, वीज खात्यांतील रिकामी पदे भरावीत, आणि एम.टेक.चे वर्ग चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष मिळालेल्या नोकऱ्या व पगार जाहीर करण्याची सक्ती व्हावी, या मागण्या तालुक्या-तालुक्यांतून उठल्या पाहिजेत.

केळीचा भाव पडला तर शेतकऱ्याचे एक वर्ष जाते. चुकलेल्या पदवीपायी तरुणाच्या उमेदीची वर्षे जातात, आणि ती कोणत्याही विमा योजनेत भरून मिळत नाहीत.