घर भाड्याने देताना मांजरीचं काय?

मुंब्रा असो की पुण्याचा कोंढवा, आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांचा महिन्याचा खर्च एका भाड्याच्या फ्लॅटवर चालतो. वडिलांच्या फंडातून नाहीतर आखातातल्या कमाईतून घेतलेला वन बीएचके. म्हणूनच एजंटाने फोनवर "फॅमिली चांगली आहे, फक्त एक मांजर आहे" असं सांगितलं की आपण लगेच "नको" म्हणून मोकळे होतो.

इंग्लंडमध्ये २०२५ साली मंजूर झालेल्या भाडेकरू हक्क कायद्याने ही सोय काढून घेतली. तिथे भाडेकरूने पाळीव प्राण्यासाठी लेखी विनंती केली, तर मालकाने २८ दिवसांत उत्तर द्यायचं आणि रास्त कारणाशिवाय नकार द्यायचा नाही. महाराष्ट्रात मालकावर अशी सक्ती नाही. लिव्ह अँड लायसन्स हा शेवटी दोघांमधला करार, त्यात काय अट घालायची ते मालक ठरवतो.

सोसायटीचं मात्र वेगळं आहे, आणि गोंधळ इथेच होतो. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. म्हणजे "सोसायटी परवानगी देत नाही हो" हे आपलं नेहमीचं उत्तर फार टिकणारं नाही. नको असेल तर आपल्याला नको आहे, असं सरळ सांगावं.

पण खरंच नको आहे का? नाव ऐकून घर नाकारलं जाणं म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नाही. माणसाला नाकारणं आणि मांजरीला नाकारणं सारखं नाही, मान्य. तरी समोरच्याला न भेटता, एक शब्द ऐकून फोन ठेवायची सवय तीच.

दीनचं कारण मांजरीला तर लागूच होत नाही. हदीसमध्ये ती नापाक नाही असं स्पष्ट आलंय, आणि हजरत अबू हुरैरा यांचं ते नावच मांजरीच्या पिलावरून पडलं. कुत्र्याची गोष्ट निराळी. कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे, त्यांच्यात ओला कुत्रा लागला तर सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीने. ज्यांना दोन-तीन वर्षांनी त्याच घरात परत राहायला जायचंय, त्यांचा नकार समजू शकतो.

बाकी भीती असते ती वासाची, ओरखड्यांची, फाटलेल्या जाळीची. ती खोटी नाही, पण लहान पोरं असलेलं घरही भिंती रंगवूनच सोडतं! तेव्हा करारातच लिहून घ्यावं: कोणता प्राणी, किती, लसीकरणाचं कार्ड, कुत्रा असेल तर पालिकेचा परवाना, आणि घर सोडताना साफसफाई व दुरुस्तीचा खर्च पावत्या दाखवून डिपॉझिटमधून. चावी देण्याआधी दारं, जाळ्या, फर्निचर यांचे फोटो काढून ठेवावेत.

आणि हे तोंडी नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं. "मांजर चालेल असं चाचा म्हणाले होते" असं तो म्हणाला, तर चाचा तसं म्हणाले नव्हते हे चाचांनाच सिद्ध करावं लागेल.