घोडा पळवून पाहा

दिवाळीच्या सुटीत गावी निघताना दाराला कुलूप लावून ते दोनदा ओढून पाहणारे आपण सारे लोक सार्वजनिक रक्षणाच्या बाबतीत मात्र कमालीचे भोळे आहोत. स्टेशनात, देवळात, बाजारात जी यंत्रे आपल्या जिवाची राखण करतात म्हणून सांगितले जाते, ती कोणी ओढून पाहिली आहेत काय, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. मी तो आज विचारणार आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आणि कादंबऱ्या लिहिणारा माणूस; यंत्रशास्त्रात माझा अधिकार नाही, हे दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो. पण ज्याच्या जिवाची राखण चालली आहे त्याला विचारायला पदवी कशाला हवी?

माझे भांडण एका समजुतीशी आहे. रक्षणाची यंत्रे शोधून काढणे हे बड्या कारखान्यांचे आणि परदेशी कंपन्यांचे काम. दहा-वीस माणसांच्या धंद्याने त्यात पडणे म्हणजे पोरखेळ, अशी ती समजूत. आमच्या शाळेतल्या एका पोराने रानडुकरांसाठी शेताच्या बांधाला दोरी ताणून तिला सायकलची घंटा बांधली होती. विज्ञान प्रदर्शनात तपासायला आलेल्या गृहस्थांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, “हे कोणत्या कंपनीचे?” घंटा वाजते की नाही हे त्यांनी पाहिलेच नाही. ते गृहस्थ कोण हे महत्त्वाचे नाही. ते सर्वत्र आहेत.

त्यांना मी गोदरेजांची गोष्ट सांगेन. 1897 साली मुंबईत लालबागला एका लहानशा शेडमध्ये अर्देशीर गोदरेज यांनी कुलपे करायला घेतली. वकिली सोडलेला माणूस. त्याआधी शस्त्रक्रियेची हत्यारे करण्याचा उद्योगही बसलेला. मुंबईतल्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून त्यांना कुलपाची कल्पना सुचली. त्या काळी चांगले कुलूप म्हणजे विलायती, हे लोकांनी ठरवूनच टाकले होते. आज आपल्या आजीच्या तांदळाच्या डब्यापासून सराफाच्या तिजोरीपर्यंत त्या शेडचे नाव पोचले आहे. ‘पोरखेळ’ म्हणणाऱ्यांची नावे मात्र राहिली नाहीत.

जुनी गोष्ट म्हणून कोणी ती उडवून लावील, तर नवी घ्या. पवईच्या आयआयटीत ‘नॅनोस्निफ टेक्नॉलॉजीज’ नावाची एक लहान कंपनी वाढली. स्फोटकाचा माग काढणारे यंत्र तिने तयार केले आणि 9 एप्रिल 2021 रोजी केंद्रीय शिक्षणमंत्र्यांच्या हस्ते ते लोकांपुढे आले. फटाके उडवल्यावर मुले हात धुतात, तरी बोटांना वास राहतो ना? स्फोटक हाताळणाऱ्याच्या हातावर, पिशवीवर, कपड्यावर असाच अंश राहतो. तो एवढा थोडा, की मोजायचा तर ग्रॅमचा अब्जावा भाग ही मापे वापरावी लागतात. यंत्रवाला पिशवीवरून एक पट्टी फिरवतो आणि ती यंत्रात घालतो. आत डोळ्याला न दिसणाऱ्या, एकाच टोकाला धरलेल्या बारीक पट्ट्यांचे तंत्र आहे. अशा पट्टीवर स्फोटकाचे कण चिकटले की तिच्यात फरक पडतो आणि तो विजेच्या मापाने कळतो. दहा सेकंदांच्या आत निकाल येतो, असे कर्त्यांचे म्हणणे आहे.

स्टेशनातली ती चौकट आठवा, जिच्यातून आपण किल्ल्यांचे जुडगे वाजवीत जातो आणि जिच्याकडे शिपाईसुद्धा मान वळवीत नाही. ती धातू शोधते. ज्यात धातूच नाही अशा स्फोटकाला ती मुकाट वाट देईल.

आता विरोधकांचा खरा मुद्दा. तो टाळून पुढे जाणे मला शोभणार नाही. ते म्हणतात, रक्षण म्हणजे जिवाशी खेळ. लहान कंपनीने फसवले तर माणसे मरतील. खरे आहे, आणि तसे घडलेही आहे. जेम्स मॅक्कॉर्मिक नावाच्या इंग्रजाने ‘एडीई 651’ नावाचे बॉम्बशोधक यंत्र इराकला विकले, कोट्यवधी डॉलरांना. ते यंत्र म्हणजे एक मूठ आणि तिला जोडलेली हलती काडी. बॅटरी नाही, काही नाही. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधून देण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या एका खेळण्याचा तो अवतार होता. बगदादच्या नाक्यांवर शिपाई त्या काड्या हातात धरून उभे होते आणि स्फोट होतच होते. 2013 साली लंडनच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली.

मॅक्कॉर्मिकची कंपनीही लहानच होती, हे मी लपवीत नाही. पण ती परदेशीही होती, आणि तिच्या यंत्राची किंमतही भारी होती. म्हणजे लहान-मोठे, देशी-विलायती, स्वस्त-महाग या एकाही खुणेने लबाडी ओळखता आली नाही. ती ओळखण्याचा मार्ग मात्र उपलब्ध होता. याच जातीच्या ‘मोल’ नावाच्या यंत्राची अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेने 2002 साली परीक्षा घेतली. स्फोटक कुठे ठेवले आहे हे ना यंत्र धरणाऱ्याला ठाऊक, ना त्याच्याजवळ उभ्या असलेल्या परीक्षकाला. निकाल असा आला की, यंत्राचे उत्तर आणि आंधळा अंदाज यांत काही फरक नाही. एवढ्या साध्या परीक्षेने कितीतरी जीव वाचले असते. खरेदी करणाऱ्यांनी ती मागितली नाही.

आमच्या जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते आणि तिथला घोड्यांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. तिथे गिऱ्हाईक काय करते? घोड्याचे दात पाहते, पाय उचलून पाहते, त्याला पळवून पाहते. घोडेवाल्याची गेल्या तीन वर्षांची उलाढाल किती, हे विचारणाऱ्या माणसाला त्या बाजारात लोक हसतील. पण सरकारी टेंडरात नेमके हेच विचारले जाते! मागचा अनुभव सांगा, उलाढाल दाखवा. ज्याने नवे शोधले त्याला मागचा अनुभव असणार कुठून? 2017 च्या केंद्रीय वित्तीय नियमांत ही अट नव्या उद्योगांसाठी शिथिल ‘करता येईल’ असे लिहिले आहे. करता येईल, करावी, असे नाही. त्या एका क्रियापदावर किती अर्ज अडत असतील, हे कचेरीत खेटे घातलेल्या कोणालाही सांगायला नको.

पैसा मुळीच मिळत नाही, असे मी म्हणत नाही. अमेरिकेने 1982 साली कायदा करून मोठ्या सरकारी खात्यांना संशोधनखर्चातला ठराविक वाटा लहान कंपन्यांसाठी राखून ठेवायला लावले. आपल्याकडेही 2018 पासून संरक्षण मंत्रालयाची ‘आयडेक्स’ ही योजना आहे. तिच्यात निवडलेल्या उद्योगाला दीड कोटीपर्यंत अनुदानाची सोय झाली. ठीक. पण अनुदानावर यंत्राचा नमुना तयार होतो, धंदा उभा राहत नाही. कोणी विकत घेतले तरच पुढचे यंत्र अधिक चांगले होते. बियाणे फुकट वाटायचे आणि पीक बाजारात उतरू द्यायचे नाही, हा कारभार शेतकऱ्यांच्या मुलखात तरी कोणाला नवा नाही.

यंत्र आले की सारे झाले, असेही नव्हे. 1993 साली मुंबईत 257 माणसे ज्या स्फोटांत गेली, त्यांचे आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला उतरले, ते वाटेतल्या काही कस्टम आणि पोलिसांच्या माणसांनी लाच घेऊन जाऊ दिले म्हणून. लाच हुंगणारे यंत्र कोणी केलेले नाही. पण म्हणून दुसरे यंत्रही नको, हा न्याय कुठला?

नॅनोस्निफच्या यंत्राची परीक्षा पुण्याला संरक्षण संशोधनाच्या ‘एचईएमआरएल’ प्रयोगशाळेत झाली, राष्ट्रीय सुरक्षा दलानेही ते तपासले. म्हणजे घोडा पळवून पाहण्याचे मैदान आपल्याकडे आहे. माझी मागणी एवढीच की ते सर्वांना खुले असावे: धुळ्याच्या वर्कशॉपवाल्याला, नाशिकच्या पोराला, आणि परदेशी कंपनीच्या एजंटालाही. ठेवलेले स्फोटक कोणालाही ठाऊक नसावे, निकाल छापून जाहीर व्हावा, आणि टेंडरात उलाढालीच्या रकान्याजागी त्या निकालाचा रकाना यावा. आमच्याकडे तळोदा, अक्कलकुव्याच्या बाजूला बिबट्याने माणसावर झडप घातल्याच्या बातम्या येतात. उद्या तिथे कोणी बिबट्याची चाहूल देणारे यंत्र विकायला आला, तर त्यालाही हाच नियम लावावा, आणि तो कोणत्या कंपनीचा हे विचारण्याच्या आधी लावावा.