घराचा कॅमेरा लांबून पाहताना

गेल्या दिवाळीत मी बडोद्याच्या आमच्या घरी वायफाय कॅमेरा बसवला. आई-बाबा कुठे लग्नाकार्याला गेले की आजी एकटीच असते, म्हणून. फोनवर हॉल अगदी स्वच्छ दिसला आणि मी निश्चिंत होऊन बंगळुरूला परतले. पहिल्याच रात्री ॲप उघडलं, तर ‘डिव्हाइस ऑफलाइन’! जीव टांगणीला लागला. घरी फोन केला तेव्हा कळलं की बाबा झोपताना राउटरचं बटण बंद करतात. “रात्रभर वीज कशाला जाळायची?”

तुमचेही आई-बाबा दुसऱ्या शहरात राहत असतील, तर पुढच्या गोष्टी तिथून निघण्याआधीच करून घ्या.

जोडणी करताना

बरेचसे घरगुती कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. राउटरची दोन नावं दिसत असतील, तर शेवटी ‘५जी’ लिहिलेलं नाव सोडून दुसरं निवडा. ॲपमधलं खातं स्वतःच्या नंबरवर किंवा ईमेलवर उघडा. कॅमेरा बसवणारा माणूस घाईत स्वतःच्या फोनवर खातं उघडून देत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. ज्याचं खातं, त्याच्या हातात कॅमेरा.

सगळं जोडून झालं की फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर चित्र दिसतंय का ते पाहा. घरच्या वायफायवर दिसलं म्हणजे बाहेरूनही दिसेलच असं नाही. एक हिशेबही लक्षात ठेवा. चित्र १ एमबीपीएस वेगाने येत असेल, तर तासाभरात साधारण ४५० एमबी डेटा संपतो. म्हणून सतत लाइव्ह पाहत बसण्यापेक्षा हालचाल झाल्यावर येणारी सूचना चालू ठेवा.

वारंवार वीज जात असेल, तर राउटर आणि कॅमेरा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. एकच घेतलं तर उपयोग नाही.

कुलूप विसरू नका

२०१६मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे, राउटर आणि तत्सम उपकरणं ताब्यात घेतली होती. कारण साधं होतं : कंपनीने दिलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. म्हणून राउटरचा आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड वेगवेगळा ठेवा, ॲपमध्ये ओटीपीची दुहेरी तपासणी सुरू करा आणि अपडेट आलं की टाळू नका.

काही व्हिडिओंमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करायला सांगतात. म्हणजे राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटला थेट दार उघडून देणं. ॲपवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला सहसा त्याची गरज नसते, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. भावंडांना पाहायचं असेल, तर पासवर्ड न देता ॲपमधल्या ‘शेअर’मधून परवानगी द्या. ती कधीही काढून घेता येते. आणि घरातलं चित्रीकरण दाखवून कोणी धमकावलं, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

आणि आजीचं काय?

हे सगळं जमल्यावर महिनाभराने आईने सहज सांगितलं, “आजी हल्ली हॉलमध्ये बसतच नाही गं.” मी आजीला फोन लावला. ती म्हणाली, “तू बघत असशील म्हणून पाय पसरून बसायलाही संकोच वाटतो बाई.” तिची दुपारची डुलकी, पदर बाजूला सारून पंख्याखाली बसणं, सगळं आतल्या खोलीत गेलं होतं. तिच्याच घरात! आणि मी तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

आता कॅमेरा मुख्य दाराकडे वळवलाय. कोण आलं-गेलं तेवढंच दिसतं. ॲपमधून तो बंद करायचं बाबांनाही शिकवलंय आणि रात्री राउटर चालू राहतो. आजी दुपारी पुन्हा हॉलमध्ये असते. ती कशी आहे हे मला कॅमेऱ्यात दिसत नाही, म्हणून रोज संध्याकाळी सातला फोन करते.

तुम्ही कॅमेरा लावणार असाल, तर त्या घरात दिवसभर राहणाऱ्या माणसाला आधी विचारा. मग वायफायचा पासवर्ड विचारा.