कुकडीकाठची राख आणि सह्याद्रीचा ‘महाज्वालामुखी’

सह्याद्री हा निद्रिस्त महाज्वालामुखी असून तो कधीही जागा होईल, असा मजकूर समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतो. हरिश्चंद्रगडावरील कोकणकड्याची अर्धवर्तुळाकार वाटी पाहून तेच ज्वालामुखीचे मुख असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ती वाटी पाणी, वारा आणि झीज यांनी कोरलेली आहे. तेथे मुख नव्हतेच.

अहिल्यानगर जिल्ह्याचा काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. तो एखाद्या शंकूसारख्या पर्वतातून उसळला नाही. जमिनीला गेलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहत आला, निवला, आणि त्यावर पुढचा थर पसरला. अकोले तालुक्यातील १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईकडे दुरून पाहिले तरी हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. ‘डेक्कन ट्रॅप’मधील ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. दोन काळ्या थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबडा पट्टा दिसतो. एक थर निवल्यावर तो झिजून माती होण्याइतका काळ मध्ये गेला, याची ती खूण.

‘महाज्वालामुखी’ ही संज्ञा एकाच स्फोटक उद्रेकात १,००० घन किलोमीटरहून अधिक राख व खडक फेकणाऱ्या ज्वालामुखीसाठी आहे. दख्खनचा पसारा त्याहून कितीतरी मोठा, पण स्वभाव निराळा. शिवाय ज्या तप्त स्रोतातून तो लाव्हा आला, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, तो आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे. भारताचा भूखंड त्याच्यावरून केव्हाच उत्तरेकडे सरकला. कळसूबाई जागी होण्याची भीती म्हणूनच निराधार ठरते.

भेगांतून वाहणारा लाव्हा निरुपद्रवी असतो, असा याचा अर्थ नव्हे. सालबाईच्या तहानंतरच्या वर्षी, म्हणजे १७८३ च्या जूनमध्ये, आइसलँडमध्ये लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने धगधगत राहिली. लाव्ह्याने फार माणसे मारली नाहीत. फ्लोरिन व गंधकयुक्त वायूंनी कुरणे विषारी केली, जनावरे मेली, आणि त्यामागून आलेल्या दुष्काळात त्या देशाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या नाहीशी झाली. ज्वालामुखीचा धोका डोंगराच्या पायथ्याशी मोजण्याची सवय येथे अपुरी पडते. तो वाऱ्यावरून येतो.

महाराष्ट्रात या गोष्टीचा पुरावा कुकडी नदीने जपला आहे. पारनेर तालुक्यात निघोज येथे मळगंगेच्या देवस्थानाजवळ याच नदीने दख्खनच्या कातळात रांजणखळगे कोरले. (भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांची ती करामत, लाव्ह्याच्या बुडबुड्यांची नव्हे.) नदीच्या वरच्या अंगाला, जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक येथे, काठच्या गाळात फिकट रंगाच्या ज्वालामुखी राखेचा थर आहे. ही राख इथली नाही. ती सुमात्रा बेटावरील टोबा या खऱ्या महाज्वालामुखीची मानली जाते, म्हणजे ३,००० किलोमीटरहून अधिक अंतर कापून आलेली.

टोबाचा प्रचंड उद्रेक एकापेक्षा अधिक वेळा झाला. बोरीची राख त्यांपैकी कोणत्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ वाद आहे. एका मापनाने १४ लाख वर्षे, दुसऱ्याने सुमारे ६ लाख ७० हजार, तर काहींच्या मते अवघी ७४,००० वर्षे. वाद केवळ भूशास्त्राचा असता, तर इतिहासप्रेमींनी तो सोडून दिला असता तरी चालले असते. पण त्याच गाळात दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. प्रवरेकाठी नेवासे येथे ह. धी. सांकलिया यांनी १९५४ पासून केलेल्या कामानंतर या प्रदेशातील अश्मयुगीन माणसाबद्दल शंका उरली नाही. प्रश्न उरतो काळाचा. दगडी हत्यारावर सनावळी नसते. त्या माणसाचा काळ ठरवायला ही राख उपयोगी पडते, आणि तिचे वय बदलले की महाराष्ट्रातील माणसाच्या इतिहासाचा आरंभ लाखो वर्षे मागेपुढे सरकतो.

७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाने मानवजात जवळजवळ संपली, हा लोकप्रिय दावाही इथे तपासायला हवा. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे त्याच राखेच्या खाली आणि वरही हत्यारे मिळाली, आणि घडणीत मोठा खंड दिसत नाही. राख पडली, माणसे मात्र टिकून राहिली असावीत. नाट्यमय कथेपेक्षा ही कथा अधिक कुतूहलाची आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातील हायली गुब्बीचा उद्रेक झाला आणि त्याची राख अरबी समुद्र ओलांडून भारताच्या आकाशात आली. विमाने रद्द झाली. जमिनीवर तिचा थर साचला नाही. बोरीच्या काठावर मात्र अशाच एका दूरच्या उद्रेकाची राख हाताला लागते. निघोजपर्यंत जाणाऱ्या सहलींना तिथवर पोहोचायला कुकडीच्या उगमाच्या दिशेने थोडे पुढे जावे लागेल, इतकेच.