गुरूची विद्या गुरूलाच!

जळगाव (प्रतिनिधी) - जगाला खेळ शिकविणाऱ्या देशालाच जगाकडून हार पत्करावी लागते, हा अनुभव बास्केटबॉलमध्ये अमेरिकेने आणि कबड्डीत भारताने घेतला आहे. दोन्ही पराभवांची कारणे बरीचशी सारखी आहेत.

एनबीएतील तारे अमेरिकेने १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये प्रथमच उतरविले आणि प्रतिस्पर्ध्यांची दाणादाण उडविली. मात्र, २००४ मध्ये अथेन्सला प्यूर्टो रिको, लिथुआनिया व अर्जेंटिनाकडून हरल्याने या संघाला ब्राँझपदकावर समाधान मानावे लागले. विश्वचषकात २०१९ मध्ये सातवे, तर २०२३ मध्ये चौथे स्थान मिळाले. २००८ ते २०२४ या काळातील पाचही ऑलिंपिक सुवर्णपदके अमेरिकेचीच. तरीही पॅरिसच्या उपांत्य फेरीत सर्बियाने या संघाला ९५-९१ असे झुंजविले.

एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, तर आंतरराष्ट्रीय सामना ४० मिनिटांचा असतो. येथे सहाऐवजी पाचव्या फाउललाच खेळाडू बाहेर जातो. बास्केटखाली बचावपटूने ठाण मांडण्यावर एनबीएत असलेले बंधन येथे नाही. काही आठवड्यांच्या सरावात हे सारे अंगवळणी पडणे कठीण असते. शिवाय सर्बियाच्या निकोला योकिचसारखे प्रतिस्पर्धी एनबीएतच खेळतात.

कबड्डीतही हेच घडले. आशियाई क्रीडास्पर्धेत १९९० पासून सलग सात सुवर्णपदके जिंकणारा भारतीय पुरुष संघ २०१८ मध्ये जकार्ता येथे उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला. इराणचा फझल अत्राचली प्रो कबड्डीत भारतीयांविरुद्ध खेळूनच तरबेज झाला होता. दुसऱ्याच दिवशी महिला संघही अंतिम सामन्यात इराणकडून २४-२७ असा पराभूत झाला. त्या विजयी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. भारताने २०२३ मध्ये हांगझोऊ येथे दोन्ही सुवर्णपदके परत मिळविली. पण महिलांचा विजय अवघ्या एका गुणाचा होता.

परदेशी खेळाडूंना लीगची दारे बंद करणे हा यावरचा उपाय नव्हे. खेळ जगभर वाढायचा असेल, तर प्रतिस्पर्धी तुल्यबळ होणारच. प्रश्न आपल्या तयारीचा आहे. जळगाव-धुळे जिल्ह्यांतील गावोगावची कबड्डी आजही बहुतांशी मातीवर रंगते; आंतरराष्ट्रीय सामने मात्र मॅटवर, बूट घालून खेळले जातात. नाशिकच्या प्रशिक्षक इराणला सुवर्णपदक मिळवून देऊ शकतात, तर शेजारच्या खान्देशातील तालुक्यांपर्यंत मॅट आणि प्रशिक्षक का पोहोचू नयेत?